पोलादी बाटलीतला आळशी वायू

मिग वेल्डिंगच्या टॉर्चमधून तीन गोष्टी एकाच वेळी बाहेर पडतात: वायर, वीज आणि गॅस. वीज वायरला वितळवते आणि वायर सांध्यात भरते. गॅस सांध्यात भर घालत नाही, त्याचे काम राखणदाराचे. वितळलेल्या पोलादाला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागला, तर सांधा ठिसूळ होतो आणि त्यात बारीक भोके राहतात. रॉडच्या वेल्डिंगमध्ये ही राखण रॉडवरचा लेप जळून करतो. मिगच्या वायरला लेप नसतो, म्हणून तिच्यासाठी राखणदार सिलिंडरमधून आणावा लागतो. घरच्या गॅरेजमध्ये हौसेने मिग वेल्डिंग करणाऱ्याला यंत्र घेतल्यावर तीन प्रश्न पडतात. गॅस कोणता घ्यायचा, सिलिंडर केवढा घ्यायचा आणि रिकामा झाल्यावर तो भरायचा कुठे? या प्रश्नांची उत्तरे रसायनशास्त्रात आहेत, पण त्याहून अधिक ती गॅसच्या धंद्याच्या इतिहासात सापडतात.

हा राखणदार आपल्या अवतीभवतीच्या हवेतच होता, पण तो कोणाला दिसत नव्हता. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत आणले, तेव्हा शेवटी एक इवलासा बुडबुडा उरला. तो कशाशीच संयोग पावेना. कॅव्हेंडिशने त्याची नोंद केली आणि विषय शंभर वर्षांहून अधिक काळ तसाच पडून राहिला. पुढे लॉर्ड रॅले यांना हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो असे आढळले. फरक अगदी थोडा होता, पण तो दर वेळी येत होता. विल्यम रॅम्झी यांच्यासोबत १८९४ मध्ये त्याचा छडा लागला. हवेत सुमारे ०.९३ टक्के असलेला हा वायू कोणाशीही संयोग पावत नाही, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला आर्गन म्हटले गेले. दोघांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे.

त्याचा भाऊबंद हेलियम आधी सूर्यावर सापडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून त्यातल्या अनोळखी पिवळ्या रेषेचा अभ्यास केला. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथे लागला असे सांगतात. लॉकयर विजयदुर्गला आले होते हे खरे, पण ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी यांनी पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही जवळपास तीन वर्षे झाली होती. ओट्यांचा मान त्यामुळे कमी होत नाही, फक्त तारीख बदलते.

वायू सापडणे वेगळे आणि तो बाजारात मिळणे वेगळे. आर्गन मिळवायचा तर हवा द्रवरूप करून तिचे घटक उकळबिंदूनुसार वेगळे करावे लागतात. जर्मनीत कार्ल फोन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची औद्योगिक रीत सिद्ध केली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी जर्मनीत आणि जॉर्ज क्लोद यांनी फ्रान्समध्ये तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशांना आणि आर्गन त्यांच्या मध्ये, उणे १८६ अंशांना. ऑक्सिजनपासून अवघ्या तीन अंशांवर बसलेला हा वायू शुद्ध वेगळा करणे किचकट आणि महागडे होते. त्यामुळे पहिली अनेक वर्षे त्याला गिऱ्हाईक होते ते मुख्यतः विजेच्या दिव्यांचे. दिव्यातली तापलेली तार बाष्प होऊन झिजू नये म्हणून त्यात आर्गन भरत. एका अर्थी हेही राखणदारीचेच काम होते.

दुसरी अडचण बाटलीची होती. वायू शंभर-दीडशे पट दाबून नेण्याजोगे भांडे सांधा असलेल्या पत्र्याचे करून भागत नाही, कारण ते सांध्यावरच फुटते. जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी १८८० च्या दशकात तापलेल्या पोलादी दांड्यातून सांधा नसलेली नळी काढण्याची रीत शोधली. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही बिनसांध्याची पोलादी भांडी बनू लागली. लंडनच्या ब्रिन्स ऑक्सिजन कंपनीने १८८६ पासून ऑक्सिजन विकायला सुरुवात केली. हीच कंपनी पुढे ब्रिटिश ऑक्सिजन कंपनी झाली. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत नाटकघरांतले आणि व्याख्यानांतले चुन्याचे प्रखर दिवे लावणारे होते. वेल्डिंगवाले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीबरोबर आले. सिलिंडरचा सगळा शिरस्ता, म्हणजे मान, खांदा, व्हॉल्व्ह, त्यावरची टोपी आणि ज्वलनशील वायूसाठी उलटे आटे, ज्योतीच्या वेल्डिंगनेच रुळवला. मिग वेल्डिंगच्या वाट्याला तो आयता आला.

विजेच्या वेल्डिंगभोवती निष्क्रिय वायू सोडावा ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत होबार्ट आणि डेव्हर्स या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी आर्गन-हेलियम वापरून वेल्डिंग करण्याच्या पेटंटसाठी १९२६ मध्ये अर्ज केले. ती १९३० मध्ये मंजूर झाली, पण वायूच इतके महाग होते की पेटंटचे कागद कपाटातच राहिले. दुसऱ्या महायुद्धाने ते बाहेर काढले. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रप विमान कारखान्यात मॅग्नेशियमचे विमान घडवायचे होते. मॅग्नेशियम उघड्या हवेत तापवले की पेटते, त्यामुळे रॉडने किंवा ज्योतीने ते जोडणे कठीण होते. तिथे रसेल मेरिडिथ यांनी १९४१ च्या सुमारास टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाभोवती हेलियम सोडून वेल्डिंग केले आणि त्याला ‘हेलिआर्क’ नाव दिले. आजचे टिग वेल्डिंग ते हेच.

मेरिडिथ यांनी हेलियम निवडला, कारण अमेरिकेत तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून मुबलक मिळे; तो देशाबाहेर देण्यावर मात्र सरकारची बंधने होती. ब्रिटनला तो सहज मिळत नव्हता, त्यामुळे ब्रिटिशांनी हेच काम आर्गनने केले आणि तिथे ‘आर्गॉनआर्क’ हे नाव चालले. भारतातल्या कारागिराने टिग वेल्डिंगला आजही ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणावे, हे त्या ब्रिटिश वळणाशी जुळणारे आहे. हेलियम हवेपेक्षा खूप हलका असल्याने सांध्यावरून वर निघून जातो. आर्गन हवेच्या जवळपास १.४ पट जड असल्याने सांध्यावर पांघरुणासारखा पसरतो. गॅस कमी लागतो, म्हणून स्वस्त पडू लागताच आर्गनने हेलियमला मागे टाकले.

टिगमध्ये एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात भरणीची तार असते. ते काम सुबक होते, पण सावकाश. ओहायोतल्या कोलंबस इथल्या बॅटेल संशोधन संस्थेत १९४८ मध्ये एअर रिडक्शन कंपनीच्या पैशाने वेगळा प्रयोग झाला. टंगस्टनच्या जागी सतत पुढे सरकणारी वायर आली आणि तीच टोकही झाली, भरणही. कंपनीने तिला ‘एअरकोमॅटिक’ म्हटले. ही पद्धत ॲल्युमिनियमसाठी उत्तम ठरली, पण साध्या पोलादासाठी परवडेना. पोलादाचा दरवाजा जोडायला आर्गन उधळणे म्हणजे भाकरी तुपात तळणे होते.

हा तिढा सोव्हिएत संघात सुटला. ल्युबाव्स्की आणि नोव्होझिलोव्ह यांनी १९५३ च्या सुमारास आर्गनऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला. हा वायू निष्क्रिय नाही. आर्कच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीच्या, उष्णतेत त्याचे विघटन होते, ऑक्सिजन मोकळा होतो आणि पोलादाला लागतो. त्यावरचा तोडगा वायूत शोधायचा नव्हता, तो वायरमध्ये होता. वायरमध्ये सिलिकॉन आणि मँगनीज वाढवले की ते ऑक्सिजनला आधीच पकडतात आणि त्याचा मळ वर तरंगून येतो. आजच्या तांब्याच्या मुलाम्याच्या वायरचे घटकप्रमाण या शोधातून आले आहे. नावाचा गोंधळही तेव्हापासूनचा. ‘मिग’मधला मधला शब्द ‘इनर्ट’, म्हणजे निष्क्रिय. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या वेल्डिंगला शास्त्रशुद्ध नाव ‘मॅग’ आहे, पण दुकानदार आणि कारागीर दोघेही ते सहसा वापरत नाहीत. भारतीय वर्कशॉपने हा वाद सोपा करून टाकला आहे. तिथे नाव आहे ‘सीओटू वेल्डिंग’. तंत्राचे नाव गॅसवरून ठेवणे हे मिगपेक्षा प्रामाणिक म्हणावे लागेल.

सीओटू स्वस्त का, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. तो मुद्दाम बनवावा लागत नाही. अमोनियाच्या कारखान्यांत आणि मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलऱ्यांत तो दुसऱ्या कामाचा उपपदार्थ म्हणून निघतो, मग तो धुऊन, सुकवून, दाबून विकतात. सोडावॉटरमध्ये आणि वेल्डिंगमध्ये एकच वायू असतो. फरक मुख्यतः ओलाव्याचा असून वेल्डिंगला कोरडा वायू लागतो.

आर्गन स्वस्त झाला तोही असाच, दुसऱ्याच्या भुकेमुळे. ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे १९५२ मध्ये पोलाद करण्याची नवी भट्टी सुरू झाली. तिच्यात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन फुंकतात. ही पद्धत जगभर पसरली तशी पोलाद कारखान्यांशेजारी हवा वेगळी करणारे प्रचंड प्रकल्प उभे राहिले. ऑक्सिजन पोलादासाठी काढायचाच होता, त्याच्याबरोबर आर्गनही निघू लागला. आर्गन हाताशी आल्यावर त्यात थोडा सीओटू मिसळण्याचे प्रयोग वाढले. शुद्ध सीओटूमध्ये धातूचे शिंतोडे फार उडतात, पण सांधा खोल जातो. आर्गन मिसळला की आर्क शांत होतो, शिंतोडे घटतात आणि पातळ पत्रा सहज जोडता येतो. अमेरिकेत ७५ टक्के आर्गन आणि २५ टक्के सीओटू हे मिश्रण घरगुती मिगचे ठरीव मिश्रण बनले, तर इतरत्र सीओटूचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांवर ठेवण्याकडे कल राहिला. ॲल्युमिनियमला मात्र निष्क्रिय वायूच, सहसा शुद्ध आर्गन, लागतो, तिथे सीओटूचा थेंबही चालत नाही.

मिग घरात शिरले ते मोटारीच्या पाठीमागून. सत्तरच्या दशकाअखेर मोटारींना पातळ, अधिक ताकदीचा पत्रा लागू लागला. ज्योतीने तो तापवला तर त्याची ताकद जाते, म्हणून बॉडी दुरुस्तीची गॅरेजे मिगकडे वळली. पुढच्या दशकात घरच्या साध्या प्लगवर चालणारी लहान यंत्रे अमेरिका-युरोपात आली आणि हौशी माणसांच्या गॅरेजमध्ये पोहोचली. यंत्र दुकानातून विकत मिळत होते, पण सिलिंडर तसा मिळत नव्हता. कारखान्यांसाठी घडलेला गॅसचा धंदा पहिल्यांदा एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाला सामोरा आला तो इथे.

त्या धंद्याचे मूळ गणित सरळ आहे: गॅस हलका आणि बाटली जड. सुमारे ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने जवळपास ७ घनमीटर आर्गन मावतो. त्याचे वजन १२ किलोच्या आसपास, पण तो कोंडणारे पोलाद ५० किलोंच्या पुढे जाते. हे पोलाद कंपनीचे भांडवल आहे. ते गिऱ्हाइकाकडे पडून राहिले तर कंपनीचा पैसा अडकतो. म्हणून कंपन्यांनी सुरुवातीपासून गॅस विकला आणि बाटली भाड्याने दिली. रेल्वेच्या मालधक्क्यावर माल वेळेत न उचलणाऱ्याला जे डेमरेज पडते, तोच शब्द अमेरिकेत सिलिंडरच्या भाड्याला लागला. बाटली ज्याची, त्याच्याचकडे भरायला यावे लागते, त्यामुळे गिऱ्हाईकही बांधले जाते. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५६ मध्ये औद्योगिक आणि वैद्यकीय वायूंच्या पुरवठ्यावर अहवाल दिला, तेव्हा तिथला जवळजवळ सगळा ऑक्सिजन एकाच कंपनीच्या हाती असल्याचे त्यात नोंदले गेले.

कारखान्याला महिन्याचे भाडे जाणवत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी फाटकाची बिजागरी जोडणाऱ्याला ते गॅसपेक्षा महाग पडते. त्यामुळे अमेरिकेत घरगुती वेल्डरसाठी गिऱ्हाइकाच्या मालकीच्या लहान सिलिंडरांची चाल वाढली. काही विक्रेत्यांनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचीही युक्ती काढली. पण मालकीचा अर्थ तिथेही चमत्कारिक आहे. रिकामा सिलिंडर देऊन भरलेला दुसरा घ्यायचा, अशी अदलाबदल हाच रिवाज असल्याने विकत घेतलेली बाटली पहिल्याच फेरीत हातातून जाते. राहतो तो त्या मापाच्या बाटलीवरचा हक्क. नवाकोरा रंगवलेला सिलिंडर देऊन चाळीस वर्षांचा पोचे पडलेला परत मिळाला, तर तक्रारीला जागा नाही. जुन्या सिलिंडरच्या मानेभोवती मालक कंपनीचे नाव कोरलेले कडे असेल, तर तो सेकंडहँड घेणाऱ्याची पंचाईत ठरलेली. मालकाच्या संमतीशिवाय भरलेला सिलिंडर वाहतुकीला देणे अमेरिकी नियमांत मना आहे, म्हणून असा सिलिंडर दुसरा विक्रेता भरून देत नाही.

सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली अक्षरे हा त्याचा जन्मदाखला आणि वैद्यकीय इतिहास. कोणत्या नियमानुसार घडला, भरणदाब किती, क्रमांक कोणता आणि पाण्याच्या दाबाने चाचणी कधी झाली, हे सगळे तिथे वाचता येते. अमेरिकेत जुन्या सिलिंडरवर आंतरराज्य वाणिज्य आयोगाची आद्याक्षरे दिसतात, नव्यांवर परिवहन खात्याची. चाचणी साधारणपणे दर ५ वर्षांनी होते. तारखेपुढे चांदणी ठोकलेली असेल तर १० वर्षांनी. बिनसांध्याचे पोलाद गंजापासून जपले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

केवढा घ्यायचा, याचे उत्तर गुणाकार-भागाकाराने मिळते. अमेरिकेत माप घनफुटात चालते आणि घरगुती मिगला ताशी सुमारे २० घनफूट गॅस लागतो. ४० घनफुटी सिलिंडर म्हणजे प्रत्यक्ष आर्क चालू असलेले दोन तास, ८० घनफुटी म्हणजे चार. लहान बाटली उचलायला सोपी, पण भरणाऱ्याचे श्रम दोन्हींना सारखेच, म्हणून लहान भरणीत गॅसचा दर चढा पडतो. जाणते वेल्डर उचलता येईल तेवढा मोठा घेतात. सीओटूचा हिशेब निराळा आहे. दाबाखाली तो द्रव होतो, त्यामुळे त्याच मापाच्या बाटलीत ३० किलो भरतो आणि त्याचा सुमारे १६ घनमीटर वायू होतो. आर्गनच्या दुपटीहून हे जास्त आहे. म्हणूनच तो किलोवर विकला जातो. आर्गनचा काटा गॅस संपेल तसा उतरत जातो. सीओटूचा काटा मात्र शेवटचा द्रव संपेपर्यंत जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. किती उरला ते कळण्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर चढवावा लागतो.

मोठ्या सिलिंडरमधून लहानात घरीच गॅस ओतून घेण्याचा मोह जुना आहे. आर्गनच्या बाबतीत दोन्हींचा दाब समान झाला की प्रवाह थांबतो. सीओटूमध्ये द्रव जात राहतो आणि वजन न करता भरलेली बाटली ठासून भरू शकते. ३१ अंश सेल्सिअसच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीतला दाब उन्हात झपाट्याने चढतो. नागपूरच्या मे महिन्यात हा आकडा सकाळीच ओलांडला जातो.

नागपूरचे नाव इथे आणखी एका कारणाने येते. भारतात सिलिंडर हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखालचा विषय आहे आणि त्यावर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. या कायद्याखाली गॅस सिलिंडरचे नियम पहिल्यांदा १९४० मध्ये आले, मग १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले. कोलकात्यात १९३५ मध्ये ब्रिटिश ऑक्सिजन कंपनीशी जोडलेली इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी उभी राहिली होती. वेल्डिंगच्या रॉडचा धंदा मुंबईत १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉनने मांडला. रंगांची ओळख ब्रिटिश वळणाची राहिली: ऑक्सिजन काळा, ॲसिटिलीन तपकिरी लाल, आर्गन निळा. अमेरिकेत असा सक्तीचा रंगच नाही, तिथे लेबल वाचल्याशिवाय सिलिंडर ओळखू नये असा दंडक आहे.

भारतात घरगुती हौशी वेल्डर तुरळक, पण सिलिंडरचे हेच गणित ग्रिल-शटरच्या लहान दुकानांनाही लागू पडते. गल्लीतल्या दुकानात अजून रॉडच जास्त, कारण त्याला सिलिंडर लागत नाही, डिपॉझिट नाही आणि वारा आला तरी काम थांबत नाही. सीओटू येतो तो काम वाढल्यावर. रेग्युलेटरला बांधलेला विजेचा हीटर ही त्याची खूण, कारण द्रवाचा वायू होताना इतका गारवा पडतो की व्हॉल्व्हपाशी बर्फ धरतो आणि गॅस अडतो. सिलिंडर भरणे परवानाधारकाचेच काम आहे, आणि एका वायूचा सिलिंडर रंग बदलून परस्पर दुसऱ्या वायूसाठी वापरता येत नाही. ठरलेल्या मुदतीच्या चाचणीत जो नापास होतो, तो नियमाप्रमाणे दाबून सपाट करावा लागतो किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे त्याचे तुकडे करावे लागतात. त्यानंतर ते पोलाद भंगाराच्या भावाने जाते.